हरण्याची नोकरी

ते युद्ध का झालं, या एका प्रश्नावर आमच्या वाचनालयात अख्खं कपाट भरून पुस्तकं आहेत. ती लावायचं, पुसायचं आणि कुणी मागितली तर काढून द्यायचं काम माझं, त्यामुळे बरीचशी वाचूनही झाली आहेत. एका विद्वानाच्या मते मोठ्या साहेबांना सीमेपलीकडच्या खाणी हव्या होत्या. दुसरा म्हणतो, देशात कुरबुरी वाढल्या की लोकांचं लक्ष बाहेर वळवावंच लागतं. एका जाडजूड पुस्तकात तर साहेबांना त्यांच्या वडिलांनी लहानपणी कसं बदडलं याचं रसभरित वर्णन आहे, आणि शेवटी सगळं खापर त्या मेलेल्या म्हाताऱ्यावर फोडलं आहे. असेल, तसंही असेल. पण यातल्या एकाही पुस्तकात माझा मामा नाही, आणि मामाला विचारलंत तर ते युद्ध त्याच्यामुळे झालं. तुम्हाला हसू येईल. मलाही पहिल्यांदा आलं होतं, आणि त्याची लाज अजून वाटते.

मामा क्लबात मार्कर होता. म्हणजे बिलियर्डची खोली त्याच्या ताब्यात. हिरव्या कापडाचं ते अगडबंब टेबल ब्रशने साफ करायचं, कापडावर एकाच दिशेने इस्त्री फिरवायची, मेंबरांच्या क्यूंना, म्हणजे खेळायच्या काठ्यांना, खडू लावून द्यायचा, भिंतीवरच्या पाटीवर गुण सरकवायचे आणि मोठ्याने सांगायचे. आणि एखाद्या मेंबराला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं. टेबलाला रोज इस्त्री करणाऱ्या या माणसाने घरी स्वतःच्या शर्टाला कधी हात लावला नाही, यावरून मामी त्याला आयुष्यभर टोमणे मारत आली. "पुढच्या जन्मी मी टेबल होणार," ती म्हणायची.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी क्लबच्या सेक्रेटरीने त्याला बाजूला घेऊन एक नियम सांगितला होता. मेंबर हरून घरी गेला तर परत येत नाही. तेव्हा मार्करने हरायचं. पण असं हरायचं की मेंबराला घाम फुटला पाहिजे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या टेबलावर मेंबर स्नूकर खेळायचे, आणि त्यात शेवटी एकच काळा बॉल उरतो. तोवर दोघांचे गुण जवळजवळ सारखे असतील, तर तो काळा बॉल जो टेबलाच्या कडेच्या पॉकेटात घालेल तो जिंकतो. मामा प्रत्येक डाव त्या काळ्या बॉलपर्यंत ओढत न्यायचा. मग त्याचा नेम केसाएवढा चुकायचा आणि काळा बॉल पॉकेटाच्या अगदी तोंडाशी जाऊन थांबायचा. समोरच्याने नुसता धक्का दिला तरी आत जाईल असा. समोरचा धक्का द्यायचा, आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा की आज मार्करला लोळवलं.

मामा खरा कसा खेळतो ते मी एकदाच पाहिलं. सकाळी त्याचा डबा राहिला होता म्हणून मी क्लबात गेले. खोलीत तो एकटाच होता. एकामागून एक बॉल तो पॉकेटात घालत होता, घाई नाही की आवाज नाही, आणि टेबल रिकामं होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा ओशाळला. "मामीला सांगू नको हं," म्हणाला. यात सांगू नये असं काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही.

माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी मामाच्याच घरी वाढले. मामाचा मुलगा माझ्याहून थोडा धाकटा. काडीसारखा बारीक होता म्हणून त्याचं नाव ढब्बू. क्लबातलं जुनं कापड बदललं तेव्हा मामाने त्याचा एक तुकडा आणून फळीला चिकटवला, कोपऱ्यांना भोकं पाडली, आणि आम्हाला गोट्यांचं बिलियर्ड करून दिलं. क्यू म्हणून पेन्सिल. संध्याकाळी मामा कामावर जायच्या आधी एकेक डाव व्हायचा. मी जिंकले की मला लगेच वास यायचा. "मामा, तू मुद्दाम हरलास," मी फणकाऱ्याने म्हणायचे, आणि तो आपले कान धरायचा. ढब्बूला कधी काही वास आला नाही. तो रोज जिंकायचा, फळी डोक्यावर घेऊन घरभर नाचायचा, आणि मामा भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसायचा. त्याला इतकं खूश मी दुसऱ्या कशानेही झालेलं पाहिलं नाही. मामी म्हणायची, "अहो, किती लाडावून ठेवाल?" पण तीही हसतच असायची.

जेवताना मामा कधीकधी सांगायचा, "आज फार छान हरलो." आणि आम्ही सगळे खो खो हसायचो.

मोठे साहेब क्लबात यायला लागले तेव्हा ते मोठे नव्हते, कुठल्यातरी खात्याचे दुय्यम मंत्री होते. पुढे सगळा देश त्यांच्या हातात आला, तरी आठवड्यातून एक संध्याकाळ क्लबात यायचं त्यांनी सोडलं नाही. मामा त्यांच्याविषयी कधी वाईट बोलला नाही, आजही बोलत नाही, आणि यावरून माझं डोकं फिरतं. तो म्हणतो, माणूस वाईट नव्हता. मामीचे गुडघे दुखतात हे त्यांना आठवायचं, ते विचारायचे. नेम धरताना शाळकरी पोरासारखी जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात यायचं. जिंकले की मामाच्या पाठीवर थाप मारायचे. "थोडक्यात गेलास रे, मार्कर!"

त्यांच्याभोवतीचे लोकही त्यांच्याशी खेळायचे आणि हरायचे. पण त्यांना धड हरताही येत नव्हतं. सेनापती तर समोरचा बॉल सोडून भलतीकडे मारायचे आणि "अरेरे!" करायचे. मामाला त्यांचा फार राग यायचा, कसबी माणसाला कामचुकाराचा येतो तसा. साहेबांनाही ते कळायचं. एकदा सेनापती गेल्यावर ते मामाला म्हणाले, "हे सगळे मला घाबरून हरतात. खरा खेळणारा इथे तू एकटा आहेस."

मामाने खडू पुढे केला.

ढब्बू मोठा झाला आणि सक्तीच्या भरतीत सैन्यात गेला. त्याची नेमणूक सामानाच्या कोठारात झाली, बूट आणि कांबळी वाटायची. मामीने सुटकेचा निःश्वास टाकला. मुदत संपून तो परत यायची चिन्हं दिसायला लागली होती, तेवढ्यात सीमेवर काहीतरी बिनसलं. शेजारच्या देशाने एका उजाड टेकडीवरची चौकी घेतली. त्या टेकडीचं नाव तोवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता जो तो तिच्यासाठी रक्त सांडायला तयार. म्हणजे दुसऱ्याचं. वर्तमानपत्रांनी साहेबांना हिणवायला सुरुवात केली, मऊ आहेत म्हणून. पलीकडून बोलणी करू असा निरोप आला होता. साहेब हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

मामीने जेवण सोडलं. "तुम्ही दर आठवड्याला त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभे असता. एक शब्द टाका ना! आपला एकुलता एक मुलगा आहे तिथे."

"मी तिथे फक्त गुण सांगतो," मामा म्हणाला. "मार्कर बोलत नाही."

"मग नका बोलू," मामी म्हणाली, आणि मग तीच त्याच्याशी बोलेनाशी झाली.

पुढचं मामाने मला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, मामी दवाखान्यात गेली होती त्या दुपारी. त्या संध्याकाळी साहेबांबरोबर सेनापती होते, आणखी दोघेतिघे होते. साहेब मनापासून खेळत नव्हते. मध्येच त्यांनी विचारलं, "आणि आपण हरलो तर?" सेनापती म्हणाले, "साहेब, आपण आणि हरणार?" सगळे हसले. साहेबही हसले. "खरंच," ते म्हणाले, "मला हा मार्करसुद्धा हरवू शकत नाही, तर ते काय हरवतील!"

मामा म्हणतो, ते वाक्य ऐकलं आणि त्याला एकदम वाटलं, हा माणूस कधी हरलेलाच नाही. हरल्यावर कसं वाटतं हे याला ठाऊकच नाही, आणि ते मीच याला कळू दिलं नाही. याला एकदा चव कळली पाहिजे. मग तो डाव काळ्या बॉलपर्यंत आला, मामा वाकला, आणि काळा बॉल सरळ पॉकेटात गेला.

मामाने पाटीवर गुण सरकवले आणि नेहमीच्या आवाजात सांगितले. साहेब पॉकेटाकडे बघत राहिले. मग मोठ्याने हसले, मामाचा हात हातात घेतला. "वा, मार्कर! आज घेतलास मला!" ते खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, मान खाजवली. मामा म्हणतो, त्या क्षणी ते अगदी कुणाही माणसासारखे दिसत होते, थोडे दमलेले, थोडे म्हातारे. आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता ते सेनापतींना म्हणाले, "त्यांच्या निरोपाला उत्तर पाठवा. बसू. बोलून बघू."

माझ्या मामाने एवढं करून घरी यायला हवं होतं. पण साहेब उठले आणि म्हणाले, "अजून एक डाव."

"मला त्याची दया आली गं," मामा मला म्हणाला. "इतका शहाण्यासारखा वागला. म्हटलं, आता याला हसत घरी पाठवू. हाताला तीच सवय. दुसरं काही सुचलंच नाही."

दुसरा डाव काळ्या बॉलपर्यंत आला. मामाचा नेम केसाएवढा चुकला, आणि काळा बॉल पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन थांबला.

साहेब वाकले. क्यू मागे घेतला. आणि मारलाच नाही. ते सरळ उभे राहिले आणि त्या बॉलकडे बघू लागले. नुकताच हरलेला माणूस टेबलाकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी बघतो. हे मामाचं म्हणणं, त्यातलं मला काही कळत नाही.

"हा तू ठेवलास," साहेब म्हणाले.

मामाने हातातला खडू खिशात ठेवला.

"आणि आधीचे? इतकी वर्षं?"

"नाही साहेब, हात थरथरला," एवढं म्हणायला काय जात होतं! पण मामाला तोंडाने खोटं बोलता येत नाही. त्याचं सगळं खोटं हातात होतं. तो खाली मान घालून उभा राहिला, आणि साहेबांनी एकेकाकडे वळून पाहिलं. सेनापतींकडे, बाकीच्यांकडे. कुणी नजर दिली नाही. मग साहेबांनी क्यू हिरव्या कापडावर आडवा टाकला. असं कुणी कधी करत नाही. काळा बॉल तिथेच सोडून ते निघून गेले. क्लबात ते पुन्हा कधी आले नाहीत.

बोलणी झाली नाहीत. त्याच आठवड्यात रेडिओवर साहेबांचं भाषण झालं. आम्ही तिघंही ऐकायला बसलो होतो. "आम्हाला कुणाची मेहेरबानी नको," साहेब म्हणाले. "कुणी मुद्दाम सोडलेलं काही नको. जे घ्यायचं ते झुंजून घेऊ." वाचनालयातल्या एका पुस्तकात या वाक्यांचं फार कौतुक आहे, त्यातून राष्ट्राचा स्वाभिमान दिसतो म्हणे. मामा मात्र उठला आणि रेडिओ बंद केला. मामीला वाटलं, ढब्बूच्या काळजीने.

त्याच्या मनात काय होतं ते आज मला कळतं. आपल्याला जे जे मिळालं ते सगळं कुणीतरी पॉकेटाच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं, असं ज्याला एका संध्याकाळी कळलं, त्याला एक तरी विजय स्वतःचा हवा होता. आणि मुद्दाम हरणार नाही असा जगात एकच कोण उरला होता? शत्रू. मामाचं म्हणणं हे असं आहे.

मी त्याच्याशी खूप भांडले आहे. "मामा, देश काय एका बॉलवर लढतात? खाणी होत्या, वर्तमानपत्रं होती, सेनापतींना लढाई हवीच होती. तू नसतास तरी हेच झालं असतं."

"झालं असतं, कदाचित," तो म्हणतो. "पण पहिल्या डावानंतर तो बसायला तयार होता. ते मी माझ्या कानांनी ऐकलं." आणि मग म्हणतो, "मी त्याला हरवलं याचं मला वाईट नाही वाटत. परत हरलो, त्याचं वाटतं."

ढब्बू कोठारात सुरक्षित राहिला असता. बूट वाटणाऱ्याला कुणी टेकडीवर धाडत नाही. पण त्याने स्वतः पुढे जायला नाव दिलं. हे आम्हाला तो गेल्याची बातमी आल्यावर कळलं, त्याचा एक सोबती कुबडीवर घरी आला तेव्हा. भला मुलगा होता. ढब्बूची आठवण सांगितली तर आईवडिलांना बरं वाटेल असं त्याला वाटलं.

"आम्ही सगळे टरकलो होतो, काकू," तो मामीला म्हणाला. "हा एकटा बिनधास्त. म्हणायचा, माझ्यासोबत चला, काही होत नाही, मी हरतच नाही. लहानपणी रोज बाबांना हरवायचो, आणि माझे बाबा म्हणजे कोण? खुद्द साहेबांशी खेळणारा माणूस!"

मामा "पाणी आणतो" म्हणून उठला आणि आत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ वाहत राहिला, मामा काही बाहेर आला नाही. शेवटी मीच जाऊन नळ बंद केला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, रिकामा पेला हातात घेऊन.

युद्ध आपण हरलो, हे तुम्हाला माहीत आहेच. टेकडी त्यांच्याकडेच राहिली. साहेब परदेशात पळाले आणि तिथेच कुठेतरी अंथरुणावर वारले. क्लबाने मामाला नंतर पुष्कळदा बोलावलं, तो गेला नाही. एका कारखान्याच्या फाटकावर बसायची नोकरी त्याने धरली, जिथे कुणाशी खेळावं लागत नाही. मामी मात्र आल्यागेल्याला सांगते, "आमच्या ह्यांनी साहेबांना हरवलं होतं बरं का, सगळ्यांच्या देखत!" त्या रात्री मामाने तिला पहिल्याच डावाचं सांगितलं होतं. दुसऱ्याचं नाही. ती सांगत असते आणि मामा खाली मान घालून चहा पीत असतो. तिच्याकडे अभिमानाने सांगण्यासारखं आता तेवढंच उरलं आहे, तेही कसं काढून घ्यायचं, असं तो मला म्हणाला.

माझी मुलगी सात-आठ वर्षांची झाली तेव्हा तिला माळ्यावर ती फळी सापडली. कापड विटलं होतं, कडेला उंदरांनी कुरतडलं होतं. "आजोबा, हे काय आहे?" म्हणून तिने ती मामासमोर नेऊन ठेवली. मला वाटलं, तो उठून जाईल. त्याने फळी पुसली, गोट्या मागितल्या आणि तिला पेन्सिल कशी धरायची ते दाखवलं. मग तिला हरवलं.

दुसऱ्या दिवशीही हरवलं. रोज हरवायला लागला. पोरगी चिडायची, रडायची, गोट्या फेकायची. तो मुकाट्याने त्या गोळा करून पुन्हा मांडायचा आणि पुन्हा हरवायचा. मला बघवेना. "मामा, लहान आहे रे ती," मी म्हटलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. मामी या सगळ्यात कधी पडली नाही. मला त्याचं नवल वाटायचं. हळूहळू रडणं थांबलं. हरली की पोरगी ओठ आवळायची, फळीकडे बघत बसायची आणि म्हणायची, "परत मांडा." चांगली खेळायला लागली होती. मामाची नजरही आता अधू झाली होती, बोटं कापायची.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी भाजी निवडत बसले होते, मामी पलंगावर गुडघ्यांना तेल लावत होती. फळीवर शेवटची गोटी उरली होती. मामाने पेन्सिल मारली. गोटी भोकाच्या कडेला जाऊन थांबली.

माझा हात थांबला. पोरीने पेन्सिल उचलली, नेम धरला, गोटी आत ढकलली. ती जिंकली होती. पण नाचली नाही. डोळे बारीक करून तिने मामाकडे पाहिलं.

"आजोबा, मुद्दाम हरलात?"

"नाही गं."

"खरं सांगा."

"खरंच हरलो," मामा म्हणाला. "तुझ्या ढब्बूमामाची शपथ. खरंच चुकलं माझं."

तिचा विश्वास बसला. मग ती उठली, फळी डोक्यावर घेतली आणि ओरडत अंगणात पळाली. मामा आपल्या कापणाऱ्या बोटांकडे बघत होता आणि हसत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

मामीने तेलाची बाटली बंद केली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. रागही नव्हता तिच्या आवाजात.

"ढब्बूलाही असंच हरवायला हवं होतं तुम्ही, एकदा तरी," ती म्हणाली.

जमिनीवर घरंगळलेल्या गोट्या मामा एकेक करून गोळा करत राहिला.